यादीबाहेरचं

ईदनंतर चौथ्या दिवशी अकोल्याहून टेम्पो आला. त्यात मिस्बाहचं सामान होतं. तिचे सासरे ड्रायव्हरशेजारी बसून आले होते आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात लग्नाच्या वेळची यादी होती.

अंजनगाव सुर्जीच्या त्या मोहल्ल्यात रीत अशी की लग्नात मुलीला दिलेल्या वस्तूंची यादी दोन प्रतींत लिहायची. दोन्हीकडचे बुजुर्ग तिच्यावर सह्या करतात. एक प्रत माहेरी राहते, एक सासरी. नातं तुटलं, किंवा मूलबाळ नसताना मुलगी गेली, तर यादीत असेल ते सगळं परत येतं. यादीत नसेल ते कोणी मागत नाही. मागणं हलकेपणाचं समजतात.

मिस्बाह १९ ऑगस्ट २००८ला गेली. आठव्या महिन्यात रक्तदाब वाढला, बाळही वाचलं नाही. तिचं वय तेवीस होतं.

सासऱ्यांनी ओसरीवर बसून यादी वाचली. मिस्बाहचे वडील नासिर एकेक वस्तू पाहून मान हलवत होते. पलंग, लोखंडी कपाट, दोन देगच्या, शिवणयंत्र. काचेचा एक जग अकोल्यात फुटला होता, त्याच्या बदली सासऱ्यांनी तसाच नवा आणला होता. बत्तिसाव्या क्रमांकावर ‘कम्प्युटर, टेबलासह’ असं होतं. तोही उतरवला गेला. दोघांनी सह्या केल्या. मिस्बाहच्या आईने, कुलसुमबीने, व्याह्यांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

कुलसुमबीला त्या सगळ्या सामानातून फक्त बत्तिसावी वस्तू हवी होती. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं, नासिरलाही नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी करतात, म्हणून मिस्बाह सातव्या महिन्यात यायची होती. डॉक्टरने प्रवास बंद केला. आईने मुलीच्या सासरी किती दिवस राहायचं यालाही मर्यादा असते. कुलसुमबी दोन दिवस राहून परत आली. जुलैत मिस्बाहचा फोन आला होता. “पडून पडून कंटाळली मी, अम्मी. तुमाले सांगायच्या गोष्टी कम्प्युटरमध्ये बोलून ठेवून राहिली. फोनवर शाकीबची आई ऐकते. तुमी याल तवा निवांत ऐका.” शाकीब म्हणजे तिचा नवरा. त्यानंतर आणखी दोनदा तिने सांगितलं, आज पण बोलली म्हणून.

कुलसुमबीला कुराण वाचता येत होतं, दुसरं काही वाचता येत नव्हतं. चिठ्ठी असती तर ती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली असती. आवाज तिला एकटीला ऐकता आला असता.

कम्प्युटर चालू झाला नाही. म्हणजे दिवा लागायचा, पडद्यावर काहीतरी यायचं आणि परत पहिल्यापासून सुरू व्हायचं. नासिरने तीनदा बटण दाबून पाहिलं. त्याचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. दुरुस्त होऊन पडलेले चौदा-पंधरा पंप तिथे खुंट्यांना टांगलेले होते, ज्यांचे मालक दोन हंगाम फिरकले नव्हते.

“पंप असता तर खोलला असता,” तो म्हणाला.

“तुमी खोलू नका. तुमी खोललेलं काई पुन्हा मिटत नाही. ज्याले समजते त्याच्याकडं न्या,” कुलसुमबी म्हणाली. “मी पण येतो.”

“तू कायले?”

“येतो म्हटलं ना.”

बस स्टँडजवळ गीतांजलीचं दुकान होतं. तिचे वडील खुशालराव पुढच्या फळीवर झेंडू आणि शेवंतीचे हार विकायचे. मागच्या खोलीत ती कम्प्युटर दुरुस्त करायची आणि टायपिंगची कामं घ्यायची. अमरावतीला हार्डवेअरचा कोर्स करून आलेली, सत्तावीस वर्षांची. गावात या कामात दुसरी बाई नव्हती.

त्या दिवशी वीज अकरा ते तीन होती. तीननंतर रात्री नऊपर्यंत भारनियमन. त्या वर्षी अळीने सोयाबीन खाल्लं होतं आणि पंचनाम्यांच्या याद्या तलाठ्याला तीनच्या आत टाइप करून हव्या होत्या. तिच्या टेबलावर हाताने लिहिलेल्या सतरा पानांचा गठ्ठा होता, त्यातली सहा झाली होती.

तिने मिस्बाहचा कम्प्युटर अर्धवट अवस्थेत कसाबसा चालू केला. पाच मिनिटं पाहिलं.

“व्हायरस हाय चाची. सगळीकडं पसरला. पूर्ण पुसून नवं भरा लागते.”

“पुसून?”

“घाबरू नका. याच्यात काय काय टाकेल हाय त्याची यादी करतो आधी. तुमी सांगाल ते परत टाकून देतो.”

यादी म्हटल्यावर कुलसुमबी पुढे सरकून बसली.

ही गीतांजलीची स्वतःची पद्धत होती. दोन वर्षांपूर्वी एका कृषी केंद्राच्या मालकाने, माझा हिशेबाचा प्रोग्रामच गायब केला, म्हणून भर बाजारात तमाशा केला होता. तेव्हापासून ती पुसण्याआधी कम्प्युटरमधल्या सगळ्या प्रोग्रामची यादी उघडायची, छापील फॉर्मवर हाताने उतरवायची, गिऱ्हाइकाला वाचून दाखवायची, हवं त्यापुढे खूण करायची आणि खाली सही घ्यायची. पडद्यावरच्या यादीत प्रत्येक नावासमोर तो प्रोग्राम किती वेळा वापरला आणि शेवटचा कधी वापरला हेही येत असे. तेही ती वाचायची. न वापरलेलं काढून टाकायला गिऱ्हाईक लवकर तयार होतं.

“अ‍ॅक्रोबॅट. कागदपत्र वाचायचं.”

“राहू दे,” नासिर म्हणाला.

“हे व्हायरस मारायचं. याची मुदतच संपेल हाय.”

“जे सोता मेलं ते दुसऱ्याले काय मारन,” नासिर हसत म्हणाला, आणि मग त्याने मान खाली घातली. गीतांजलीने त्यापुढे खूण केली नाही.

“ऑडॅसिटी.”

“हे काय?” कुलसुमबीने विचारलं.

“आवाज भरायचं. माइकसमोर बोललं का आवाज आत जाते. मंग पाहिजे तवा ऐकता येते.”

“हे ठेव.”

“ठेवतो.”

“हे पक्कं ठेव बेटा. बाकी गेलं तरी चालन.”

गीतांजलीने दोन खुणा केल्या. सवयीने पुढचं वाचलं, “वापर वारंवार. शेवटचा वापर १७ ऑगस्ट.”

“कोणती तारीख?”

“सतरा ऑगस्ट, चाची.”

नासिरने बाहेर पाहिलं. खुशालराव कोणाशी तरी हाराच्या लांबीवरून वाद घालत होते. कुलसुमबीने बोटांवर काहीतरी मोजलं आणि हात बुरख्याच्या आत घेतला.

“कॅरमचा खेळ. वापर क्वचित.”

“तो शाकीबचा असन. काढ.”

“इनपेज. उर्दू लिहायचं. वापर वारंवार.”

“लग्नाच्या पत्रिका करे ती त्याच्यावर,” नासिर म्हणाला. “सासऱ्यानं काम आणून दिलं होतं. चांगला माणूस हाय.”

“ठेवू?”

“लिहिन कोण आता? पण ठेव.”

असे एकोणीस प्रोग्राम होते. नमाजाच्या वेळा सांगणारा एक होता, फोटो पाहायचा एक, प्रिंटरचे दोन. यादी संपली तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. गीतांजलीने नेहमीचा शेवटचा प्रश्न विचारला.

“याच्याबाहेरचं काई ठेवायचं हाय का? फोटो, लिहेल काई?”

नासिरने बायकोकडे पाहिलं.

“नाही बेटा,” कुलसुमबी म्हणाली. “यादीत आलं तेवढं दे. यादीबाहेरचं आमी मागत नाही.”

इतर दिवशी गीतांजली तेवढ्यावर थांबत नसे. गिऱ्हाईक नाही म्हणालं तरी ती एकदा आतले कप्पे उघडून पाहायची. त्या दिवशी तलाठ्याचा दुसरा फोन आला. तिने फॉर्मवर नासिरची सही आणि कुलसुमबीचा अंगठा घेतला, सीडी टाकली आणि पुसायला लावलं. तिकडे टक्के चढत होते तोवर तिने सोयाबीनच्या याद्यांचं सातवं पान टाइप करायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी नासिर हातगाडीवर कम्प्युटर घरी घेऊन गेला. वायरी जोडायला गीतांजली सकाळी वीज असताना त्यांच्या घरी आली. कुलसुमबीने शेजारणीला काहीतरी निमित्त सांगून वाटेला लावलं होतं. नासिर दुकानात होता. टेबल आतल्या खोलीत, मिस्बाहच्या परत आलेल्या पलंगाला लावून ठेवलं होतं.

“झालं चाची. पाहा, एकदम नवा झाला.”

“आवाजाचं कुठं हाय?”

गीतांजलीने ते उघडून दाखवलं. राखाडी रंगाची एक रिकामी चौकट आली, वर बटणांची रांग.

“हे?”

“हेच. हे लाल दाबलं का आवाज भरते.”

“बरं. आता लाव.”

“काय लावू?”

“मिस्बाहचा आवाज लाव. तू घरी जाय मंग. मले कसं बंद करायचं तेवढं सांगून जाय.”

गीतांजलीचा हात माउसवर होता. तो तिने काढून घेतला.

“तिनं याच्यात बोलून ठेवलं होतं का, चाची?”

“म्हून तर पक्कं ठेव म्हटलं तुले. यादीत नाव आलं होतं ना. तूच वाचलं. सतरा तारखेपर्यंत बोलली ती.”

शिवणयंत्र परत आलं म्हणून त्यावर शिवलेले कपडे परत येत नाहीत. हे समजावायला गीतांजलीला तेवढंच बोलावं लागलं असतं आणि यंत्र समोरच, खिडकीखाली होतं. ती ते बोलली नाही. आठ दिवस द्या, पाहतो, एवढंच म्हणाली आणि कम्प्युटरचा डबा उचलून परत दुकानात आणला.

पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही, त्यावर नवीन लिहिलं गेलं की होतं, हे तिला कोर्समध्ये शिकवलं होतं. तिने त्यावर नवीन लिहिलं होतं. विंडोज टाकलं होतं, ऑफिस टाकलं होतं, इनपेज टाकलं होतं, कुलसुमबीने खूण करायला लावलेलं प्रत्येक नाव मन लावून टाकलं होतं. तरी तिने हार्ड डिस्क काढली, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळली आणि अमरावतीची बस धरली. तिचे कोर्सचे शिक्षक चंद्रभान सर तिथे असली कामं करायचे. त्यांच्याकडे बॅटरी होती, वीज गेली तरी मशीन चालायचं.

सरांनी तीन दिवस डिस्क लावून ठेवली. चौथ्या दिवशी फोन केला. ती गेली. त्यांनी पडद्यावर आवाजाच्या चौदा फायलींची नावं दाखवली.

“नावं आली सगळी,” सर म्हणाले. “किती मोठी होती तेही आलं. आत काही नाही.”

“एक पण?”

“तू ऐक.”

तिने चौदाही लावून पाहिल्या. काही उघडल्याच नाहीत. ज्या उघडल्या त्यांत पत्र्यावर वाळू पडावी तसा आवाज येत होता. नवव्या फायलीत मधेच अर्धा सेकंद काहीतरी माणसाच्या घशातून आल्यासारखं वाटलं. तिने तो तुकडा वीस वेळा ऐकला. सरांनी ऐकला आणि नाही म्हणाले.

“तू आतले कप्पे पाहिले नव्हते का?”

“नाही.”

तिने नावांची यादी छापून मागितली. परत येताना दर्यापूरपर्यंत तिला बसायला जागा मिळाली नाही.

घरी खुशालराव हार ओवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“बिघडेलच होता म्हून सांगू का?” तिने विचारलं. “अकोल्याहून येतानाच गेलं असन. टेम्पोत आपटलं. त्याईले काय समजते?”

“समजत नाही त्याईले.”

“मंग?”

“म्हून तर,” खुशालराव म्हणाले आणि सुईत दोरा भरायला लागले.

ती शुक्रवारी दुपारी गेली. नासिर नमाज पढून आला होता, दोघंही घरात होती. कुलसुमबीने तिच्या हाताकडे पाहिलं. हातात डबा नव्हता, एक कागद होता.

“चाची, माह्या हातून पुसल्या गेलं,” गीतांजली उभ्याउभ्याच म्हणाली. “यादीत जे होतं ते बोलायचं यंत्र होतं. तिनं बोलेल आत वेगळ्या ठिकाणी होतं. मी उघडून पाहायले पाहिजे होतं. नाही पाहिलं. तलाठ्याचं काम होतं, घाई होती. आता नाही येत ते. अमरावतीले नेलं होतं, तिथं पण नाही आलं.”

नासिरला हे काय चाललंय ते आत्ता कळत होतं. तो एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत होता.

“काय बोलेल होतं?” त्याने विचारलं. “कोणासाठी?”

“माह्यासाठी,” कुलसुमबी म्हणाली. मग गीतांजलीला म्हणाली, “तू इचारलं होतं मले. बाहेरचं काई हाय का म्हून.”

“इचारलं होतं.”

“मीच नाही म्हटलं.”

“तुमाले माहीत नव्हतं, चाची. मले माहीत होतं.”

“बस. कागद कायचा हाय?”

“नावं हायेत. तिनं एकेकाले नाव देऊन ठेवलं होतं. तेवढी आली.”

“वाच.”

नावं इंग्रजी अक्षरांत होती, बोली त्यांच्या घरातली. गीतांजली पलंगाच्या कडेला बसली आणि वाचू लागली. “एक, अम्मी सलाम. दोन, अम्मी बीपी. तीन, अचार.”

“माह्या अचाराले बुरशी कावून येते, असं इचारलं होतं मी,” कुलसुमबी म्हणाली. “तिच्या सासूचा टिकते.”

“चार, शाकीब की बात. पाच,” गीतांजली थांबली.

“वाच ना.”

“पाच, अब्बा को मत सुनाना.”

नासिर उठला. “मंग मी कशाले ऐकू,” म्हणाला आणि बाहेर गेला. अंगणात त्याने दुकानातून आणलेला एक पंप उलटा करून त्याच्या पट्ट्याचं बकल ठोकायला सुरुवात केली. दार उघडंच होतं.

“सहा, नाम. सात, नींद नहीं आती. आठ, नानी का गाना. नऊ, डॉक्टर. दहा, अम्मी गुस्सा मत होना.”

“कायचा गुस्सा?”

“तेवढंच हाय चाची.”

“पुढं?”

“अकरा, घर की छत. बारा, बाकी आने पर. तेरा आणि चौदाले नाव नाही, नुसते आकडे हायेत.”

“शेवटचे दोन?”

“हो.”

“थकली असन,” कुलसुमबी म्हणाली. “किती बोलली समदं मिळून? ते कळते काय?”

ते गीतांजलीने बसमध्ये काढलं होतं. फायलीच्या आकारावरून मिनिटं निघतात. “एक तास छत्तीस मिनिटं.”

“अब्बाचं किती?”

“अकरा मिनिटं. सगळ्यात मोठं तेच.”

अंगणातला ठोकण्याचा आवाज थांबला होता. थोड्या वेळाने परत सुरू झाला.

कुलसुमबीने कपाट उघडलं. लग्नाची यादी तिथेच होती, सासऱ्यांनी सही करून दिलेली. ती तिने मांडीवर उलगडली, पाहिली, परत घडी केली.

“पेन हाय काय तुह्याकडं?”

“हाय.”

“ज्या वस्तू येत नाहीत त्याच्यापुढं तसं लिहितेत आमच्यात. भांडण नको मंग कधी. लिही एकेकापुढं, नाही मिळालं. मी अंगठा लावतो.”

“राहू द्या चाची.”

“लिही. नाहीतर मी रोज वाट पाहीन.”

गीतांजलीने कागद पलंगाच्या फळीवर ठेवला आणि लिहायला सुरुवात केली. मोठ्याने वाचून लिही, असं कुलसुमबीने सांगितलं, म्हणून वाचून लिहीत होती. अम्मी सलाम, नाही मिळालं. अम्मी बीपी, नाही मिळालं. अचार, नाही मिळालं. शाकीब की बात, नाही मिळालं. पाचव्या ओळीला तिने आवाज बारीक केला. मग सहावी आली.

“नाम,” ती म्हणाली.

“थांब.”

गीतांजली थांबली.

“नाव तिनं फोनवर सांगितलं होतं मले,” कुलसुमबी म्हणाली. “पोरगी झाली तर काय ठेवायचं ते. पोरगीच होती. ते मिळालं असं लिही.”

गीतांजलीने ‘मिळालं’ लिहिलं. कोणतं नाव ते तिने विचारलं नाही. बोट सातव्या ओळीवर आणलं आणि वाचलं.